पार्कची नोटीस लागली म्हणजे जमीन गेली का?

गोंदिया जिल्ह्यातून एका भावाचं पत्र आलंय. त्याच्या सांगण्यावरून नाव-गाव छापत नाही. पत्र थोडं कमी करून देते:

"ताई, आमच्या गावाले लागून जंगल हाय, तिथं राष्ट्रीय उद्यान होणार म्हणून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली. आमची तीन एकर धानाची बांधी हाय, सातबारा अजून आज्याच्याच नावानं हाय, आजा मरून गेला. तिच्या पलीकडं दोन एकर अतिक्रमण हाय, ते बी आज्यापासून वाहतो. आम्ही ढिवर, गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मासे धरतो, शिंगाडे लावतो. आई मोहफूल वेचते, तेंदू तोडते. घरात आई-बाबा, मी, मोठी बहीण (लग्न नाही झालं) अन् विधवा आत्या. गावात एक माणूस फिरून राहिला, म्हणते स्टॅम्पवर सह्या द्या, एकेका घराले पंधरा लाख मिळवून देतो, मले दहा टक्के द्या. काका म्हणते आत्याचं हक्कसोड करून घेऊ, वाटेकरी कमी होतील. आमची जमीन गेली का? सही करू का? यंदा रोवणा (धानाची लावणी) करू का नको?"

भाऊ, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. रोवणा कर. भिंतीवर कागद लागला म्हणून तुमच्या शेतावरचा ताबा जात नाही, आणि नुसता रोवणा करून थांबू नको, मोबाईलवरून ई-पीक पाहणी पण कर, पेरा सातबाऱ्यावर चढला पाहिजे, कारण उद्या चौकशीला साहेब आले की जमीन वाहितीत आहे का पडीक हे पहिले पाहतील. (सातबारा आज्याच्या नावावर असल्यानं नोंद करताना अडचण आली तर तलाठ्याला भेट, त्या नावाचं काय करायचं ते खाली सांगते.)

आता नोटीस. तू लिहिलं की नोटीस लागली, पण कोणत्या कलमाची ते लिहिलं नाही, आणि सगळं त्याच्यावरच आहे. आजच्या आज जाऊन तिचा फोटो काढ, तारीख, कलम आणि खालची सही वाचता आली पाहिजे असा. राष्ट्रीय उद्यान एका कागदानं होत नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्याच्या कलम 35 मधे दोन वेगवेगळ्या अधिसूचना आहेत. पहिली पोटकलम 1 ची, तिचा अर्थ एवढाच की सरकारचा इथं पार्क करायचा इरादा आहे. शेवटची पोटकलम 4 ची, तिच्यानं पार्क खरंच बनतो. आणि ही शेवटची निघते कधी, तर दावे करायची मुदत संपली, आलेले सगळे दावे निकाली निघाले, आणि आत घ्यायच्या जमिनीतले सगळे हक्क सरकारकडे जमा झाले, मगच. तुमच्या भिंतीवर पहिलीवाली लागली असेल तर तुमच्या हातात अजून पुष्कळ आहे.

या दोन्हीच्या मधे कलेक्टरचं काम असतं. गावागावात मराठीतून जाहीरनामा लावायचा (कलम 21), त्याच्या तारखेपासून दोन महिन्यांच्या आत ज्याचा ज्याचा हक्क आहे त्यानं लेखी दावा द्यायचा, मग चौकशी, मग निर्णय. हे दोन महिने जाहीरनाम्याच्या तारखेपासून मोजायचे, तू वाचला त्या दिवसापासून नाही. दाव्यात हक्क कोणता, केवढा, आणि नुकसानभरपाई मागायची असेल तर किती आणि कशाची, हे सगळं लिहायचं असतं, आणि आपले लोक नेमका रकमेचा रकाना कोरा सोडून येतात, साहेब ठरवतील म्हणून. कोरा सोडू नको. मुदत निघून गेली असली तरी दावा दे, कारण सरकारी कागदात जे हक्क आहेत त्यांची चौकशी कोणी दावा केला नसला तरी कलेक्टरला करावी लागते, कलम 22 मधे तसं लिहिलंय. पण त्या भरवशावर राहू नको.

गावातले म्हातारे ताडोब्याच्या गोष्टी सांगतील. त्या ऐक, पण आजची पद्धत त्याच्यावरून ठरवू नको. ताडोबा 1955 मधे झालं, 116.55 चौरस किलोमीटरचं, तेव्हा चंद्रपूर मध्य प्रदेशात होतं आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यान कायद्याखाली ते झालं, आजचा कायदा तेव्हा जन्मलाच नव्हता. तुमच्याकडचं नवेगाव 1975 चं, मेळघाटातलं गुगामल त्याच्याही नंतर पक्कं झालं, म्हणजे एकेका पार्कची कहाणी वेगळी आहे, आणि आज जे होऊन राहिलं त्याला 1972 चा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा आणि 2013 चा भूसंपादन कायदा, असे तिन्ही लागू आहेत.

आता जे सांगते ते दोनदा वाच, घरी पण वाचून दाखव. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यात मोठा फरक आहे आणि गावोगाव कोणी हा फरक लोकांना सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. अभयारण्यात कोणाचा हक्क मान्य झाला तर कलेक्टरपुढं तीन रस्ते असतात: ती जमीन हद्दीच्या बाहेर काढायची, किंवा मोबदला देऊन संपादित करायची, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाशी बोलून तो हक्क आत तसाच चालू ठेवायचा. राष्ट्रीय उद्यानात हा तिसरा रस्ताच नाही. कायद्यानं तो रस्ता स्पष्ट शब्दांत लिहून वगळलाय. तिथं एक तर तुम्ही रेघेच्या बाहेर, नाही तर तुमचा हक्क सरकारजमा. गुरांची चराई तर सरळ बंद, कलम 35 चं पोटकलम 7. म्हणून कोणी म्हणत असेल की अरे पलीकडच्या अभयारण्यात लोक अजून शेती करून राहिले, आपलंही तसंच चालेल, तर त्याचं ऐकू नको. आणि एकदा शेवटची अधिसूचना निघाली की हद्द बदलायला दिल्लीच्या राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, तिथपर्यंत तुझ्या माझ्यासारख्याचा हात पोचत नाही. जे मागायचं ते आता मागायचं.

म्हणून दाव्यात पहिली मागणी पैशाची ठेवू नको. पहिली मागणी ही की आमचा गट नंबर हद्दीतून वगळा. तुमचं गाव जंगलाच्या काठावर आहे, आत मधोमध नाही, म्हणजे रेघ थोडी आत सरकवली तर पार्कचं काही बिघडत नाही असं तू नकाशा दाखवून सांगू शकतो. त्याच्या खाली लिही की हे अमान्य झाल्यास पर्यायी मागणी म्हणून एवढा मोबदला. अधिसूचनेत हद्द बऱ्याचदा नाला, रस्ता, डोंगराची धार अशी लिहिलेली असते, गट नंबर सगळे असतीलच असं नाही, त्यामुळे भूमी अभिलेखच्या ऑफिसात जाऊन गावनकाशा घे आणि ती रेघ त्याच्यावर स्वतः ओढून पहा. कितीतरी वेळा असं निघतं की शेत हद्दीत नाहीच, नुसतं बफरमधे (भोवतालच्या पट्ट्यात) आहे, आणि बफरमधे गाव उठत नाही, शेती बंद होत नाही, ताडोब्याच्या बफरमधे आजही गावंच्या गावं नांदून राहिली.

आता तुझे हक्क. तू पत्रात "आमची जमीन गेली का" विचारलं आणि तुझ्या मनात तीन एकरच असतील. पण तुझंच पत्र परत वाच, त्यात किती हक्क आहेत ते पहा. बांधी, अतिक्रमण, तलाव, मोह, तेंदू. प्रत्येकाचा कागद वेगळा, ऑफिस वेगळं, कायदा पण वेगळा.

सातबाऱ्याची बांधी सगळ्यात सोपी, पण आज्याचं नाव आहे तिथं काम अडेल. वारस फेरफार आजच टाक, मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी घेऊन तलाठ्याकडे, किंवा ऑनलाइन ई-हक्कवर. इरादा जाहीर झाल्यावर त्या जमिनीत नवा हक्क कोणाला मिळत नाही, कलम 20, त्याला अपवाद फक्त वारसाहक्काचा. म्हणजे वारस लावायला बंदी नाही. पण विकायला कोणी सांगत असेल, "आताच विका, नंतर मातीमोल होईल" असं, तर घेणाऱ्याला कायद्यानं काही मिळतच नाही, मग तो घेऊन काय करणार हे त्यालाच विचार.

आणि आत्या. भाऊ, इथं मी तुला स्पष्ट बोलते. आजा मृत्युपत्र न करता गेला असेल तर त्याची मुलगी म्हणून आत्याचा हिस्सा तुझ्या बाबाएवढा आणि काकाएवढाच आहे, ती विधवा होऊन माहेरी राहते म्हणून तो कमी होत नाही. नोटीस लागल्यावर हक्कसोड केलं तर ते कलम 20 च्या वादात अडकायची भीती आहे ती वेगळीच. पण समजा नाही अडकलं, तरी ज्या बाईला दुसरं काही नाही तिच्याकडून अशा घाईच्या वेळी सही घेणं चुकीचंच आहे. काकाला सांग, यादीत तिचं नाव राहील. तुझ्या बहिणीच्या बाबतीतही उद्या कोणी असंच सुचवेल, तेव्हाही हेच उत्तर.

काकाचा हिशोबही चुकीचा आहे. जो पंधरा लाखाचा आकडा फिरून राहिला तो राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या योजनेतला आहे, व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधून (आतल्या गाभ्यातून) स्वतःहून उठणाऱ्या कुटुंबासाठी, 2008 पासून दहा लाख होते ते 2021 मधे पंधरा झाले. त्या योजनेत कुटुंब म्हणजे एक चूल असं नसतं. अठरा वर्षांवरचा मुलगा, लग्न झालेलं असो नसो, वेगळं कुटुंब. अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगी किंवा बहीण वेगळं कुटुंब. विधवा किंवा घटस्फोटित बाई वेगळं कुटुंब. अपंग व्यक्ती वयाची अट न लावता वेगळं. तुझ्या घरात बाबा, तू, बहीण, आत्या असे चार होतात. म्हणजे आत्याला बाजूला काढून घरच्यांचंच नुकसान होते. पण ही योजना तुमच्या गावाला लागू आहे का, म्हणजे तुमचं गाव खरंच कोणत्या व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधे येते का, हे आधी लेखी विचार. नुसता पार्क होऊन राहिला म्हणून ती आपोआप लागत नाही. आणि पंधरा लाख हातात रोख हाच एक प्रकार नाही, दुसऱ्या प्रकारात वनखातं जमीन, घर, गावातल्या सोयी देऊन वसवते, त्यात त्या रकमेचे 35 टक्के शेतजमिनीसाठी, 30 टक्के हक्कांच्या निपटाऱ्यासाठी, 20 टक्के घर आणि घराच्या जागेसाठी असे धरलेले असतात. ज्याला शेतीशिवाय दुसरं काम येत नाही त्यानं रोख घ्यायच्या आधी दहादा विचार करावा असं माझं मत आहे, पैसा लग्नात, गाडीत, दवाखान्यात जातो आणि दोन वर्षांनी माणूस दुसऱ्याच्या शेतात रोजीनं जाते.

त्या फिरणाऱ्या माणसाला सही देऊ नको. कोऱ्या स्टॅम्पवर तर नाहीच नाही. दहा टक्के म्हणजे पंधरा लाखातले दीड लाख, ते कशाचे? ही रक्कम मिळायला कोणी मधला माणूस लागत नाही. आणि गावाची संमती अशी घरोघरी फिरून होत नसते. व्याघ्र प्रकल्पातून गाव उठवायचं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यातच 2006 मधे आलेलं कलम 38 व्ही आहे, त्यात आधी वनहक्क कायद्यानं हक्क मान्य करायचं काम पूर्ण झालेलं पाहिजे, लोक स्वतःहून तयार पाहिजेत, आणि ग्रामसभेची माहिती घेऊन दिलेली संमती पाहिजे. ग्रामसभेचा ठराव झालाय असं कोणी म्हटलं तर प्रोसिडिंग बुकाची (सभेच्या कामकाजाच्या वहीची) नक्कल माग आणि खालच्या सह्या ओळखीच्या आहेत का पहा.

अतिक्रमणाचे दोन एकर. गावात सगळे त्याला अतिक्रमण म्हणतात म्हणून तूही म्हणतो, पण दावा लिहिताना तो शब्द लिहू नको, "वहिवाटीखालील वनजमीन" लिही. वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानाच्या आणि अभयारण्याच्या जमिनीलाही लागू आहे, वनजमिनीच्या व्याख्येतच ते लिहिलंय. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वहिवाट पाहिजे, आणि दावा जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मान्य होतो, तुझे दोन एकर त्यात आरामात बसतात. तुमच्या गावातल्या गोंड भावांना एवढं दाखवलं की पुरते. तू ढिवर, म्हणजे या कायद्यात "इतर पारंपरिक वननिवासी", तुला तीन पिढ्या म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवायचा आहे. इथंच ढिवर, कुणबी, तेली अशा लोकांचे दावे धडाधड नामंजूर होतात, कारण त्यांना सांगितलं जाते की त्याच दोन एकराचा 75 वर्षांचा कागद आणा. तसं नाही. 75 वर्षं त्या भागात राहण्याची आहेत, त्या तुकड्यावर वाहण्याची नाहीत, केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानंही हा खुलासा केलेला आहे.

पुरावा कुठं मिळेल ते सांगते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे कोतवाल बुकाची नक्कल काढ, त्यात पणज्याचा, आज्याचा जन्म-मृत्यू सापडतो. 1954-55 चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची जुनी नोंद) बघ. आज्याचा शाळेचा दाखला असेल तर उत्तम. वनखात्यानं कधी दंड केला असेल त्याची जुनी पावती आई जपून ठेवत असेल, ती तर सोन्याची, कारण खात्यानंच लिहून दिलं की तू तिथं होता. शेतातली विहीर, बांध, घराण्याची समाधी, यांचे फोटो. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लेखी बयान पण पुरावा धरतात, फक्त तो स्वतः दावेदार नको. एकच कागद लावून थांबू नको, नियमात एकापेक्षा जास्त पुरावे पाहायचे असं आहे. दावा गावच्या वनहक्क समितीकडे, तिथून ग्रामसभा, मग एसडीओची (उपविभागीय अधिकाऱ्याची) उपविभागीय समिती, मग कलेक्टरची जिल्हा समिती. आता मुदत संपली असं कोणी म्हटलं तर सांग की मुदत वाढवायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. नामंजूर झाला तर कारण लेखी माग आणि 60 दिवसांत अपील कर. पट्टा मिळाला तर तो नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो, म्हणजे आईचं नाव लागलंच पाहिजे. आणि हे काम पूर्ण होईस्तोवर वननिवासी माणसाला त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, वनहक्क कायद्याचं कलम 4 पोटकलम 5. हे कलम पाठ करून ठेव. कोणी जेसीबी घेऊन आला तर वाद घालू नको, हे कलम लिहिलेला अर्ज हातात दे आणि पोच माग.

राहिला तलाव आणि मोह, आणि मला वाटते तुमच्या घराचं खरं पोट यावरच आहे, पण यासाठी तू एकट्यानं काही करून होत नाही, हे गावाचं काम आहे. माजी मालगुजारी तलाव रेघेच्या आत गेला तर मासे, शिंगाडे आणि तलावाखालच्या बांध्यांचं पाणी असं सगळंच लटकते. विदर्भात आपल्याकडे एक गोष्ट आहे जी बाकी महाराष्ट्रात फारशी नाही, ती म्हणजे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. सरपण, चराई, गावाची पडीत जागा कशी वापरायची हे निस्तार पत्रकात, आणि पाण्याचा, वाटेचा, मासे धरण्याचा रिवाज वाजिब-उल-अर्जमधे लिहिलेला असतो. तुमच्या गावाच्या या दोन्हीच्या नकला काढा, कलेक्टरपुढच्या दाव्याला जोडा, कारण कलम 22 च्या चौकशीत सरकारी कागद पहावाच लागतो आणि हा सरकारचाच कागद आहे. तलाव मच्छीमार संस्थेला ठेक्यानं असेल तर तो करार पण जोडा आणि दावा संस्थेच्या नावानं वेगळा करा. यासोबत वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा: मोह, तेंदू, मासे, चराई, देवस्थानाची जागा आणि तिथं जायची वाट. देवाची वाट लिहायला लोक विसरतात. ताडोब्याच्या तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे, गोंड लोकांचा तो देव पार्कच्या आतच आहे, त्याच्यावरून समजून घ्या की वाट कागदावर असणं किती गरजेचं आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मधे सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले, नंतर बांबू पण गावानंच विकला. ते पार्कमधलं गाव नाही, त्यामुळे तसंच्या तसं तुमच्याकडे होईल असं मी म्हणत नाही, पण ग्रामसभा मनावर घेते तेव्हा काय होते ते तिथं जाऊन पाहण्यासारखं आहे. ग्रामसभेला अर्धे सभासद पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, नाही तर पुढं हाच मुद्दा काढून ठराव पाडतात. तेंदूच्या हंगामात सभा ठेवू नका, बाया येऊच शकत नाहीत.

तुझ्या मनात येत असेल की सरळ विरोधच करावा पार्कला. तुमच्या गावानं तसं ठरवलं तर तो गावाचा हक्क आहे. मला वाघ पाहिजे, जंगल पाहिजे, आपल्या नद्या-तलाव त्या जंगलामुळंच आहेत. पण जंगल राखायचा सगळा खर्च जंगलाकाठच्या गरीब घरानं भरायचा हे मला मान्य नाही, आणि कायद्याला पण मान्य नाही, नाही तर त्यानं दावे, चौकशी, मोबदला हे सगळं लिहिलंच नसतं.

मोबदल्याचं एक सांगायचं राहिलं. सातबाऱ्याची जमीन संपादित झालीच तर 2013 च्या कायद्यात बाजारभावाच्या हिशोबावर आणखी 100 टक्के दिलासा रक्कम आहे, झाडं, विहीर, बांध यांची किंमत वेगळी धरायची असते, म्हणून बांधावरची मोहाची झाडं मोजून दाव्यात लिही. रक्कम कमी वाटली तर पैसे नाकारू नको, "अंडर प्रोटेस्ट" (म्हणजे हरकत राखून) लिहून सही कर आणि वाढीव मोबदल्यासाठी अर्ज कर, निवाडा तुझ्यासमोर झाला असेल तर त्याला सहाच आठवडे असतात.

हे सगळं एकट्यानं झेपणार नाही हे मला कळते. वकिलाची फी नसेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं बायांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना वकील फुकट मिळतो, बायांना तर उत्पन्न किती तेही विचारत नाहीत. म्हणून अर्ज आत्याच्या आणि आईच्या नावानं कर, आधार कार्ड, सातबारा आणि नोटिशीचा फोटो घेऊन दोघींना सोबत ने, आणि जिथं जिथं कागद देशील तिथं दोन प्रती ने, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नको. नोटीस कोणत्या कलमाची निघाली ते मला परत लिहून कळव, म्हणजे दावा कसा मांडायचा ते पुढच्या वेळी ओळ न् ओळ सांगता येईल.